मुधोळ जातीचा राखणदार कुत्रा आणि घरातील लहान मुले

बिदर व कलबुर्गी जिल्ह्यांच्या सीमाभागात, तसेच त्यास लागून असलेल्या लातूर, धाराशिव व सोलापूर जिल्ह्यांत राखणीसाठी कुत्रा पाळण्याची प्रथा फार जुनी आहे. शेतातील आखाडा असो, धनगरांचा मेंढवाडा असो अथवा गावाबाहेरील एकाकी वस्ती असो, कुत्र्यावाचून रात्रीची राखण पुरी होत नाही. या कामासाठी अनेक पशुपालक अलीकडे मुधोळ जातीचे पिल्लू विकत आणतात. परंतु ज्या घरात रांगते किंवा शाळकरी मूल आहे, तेथे असा कुत्रा ठेवणे कितपत सुरक्षित आहे, हा प्रश्न पालकांना पडणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर केवळ जातीच्या नावावरून देता येत नाही. जातीचे गुणधर्म, कुत्र्याची वाढ व घरातील शिस्त या तीनही बाबींचा त्यासाठी विचार करावा लागतो.

जातीची ओळख

मुधोळ हे गाव बागलकोट जिल्ह्यात आहे. संस्थानी काळात तेथील घोरपडे राजघराण्याने या जातीच्या संवर्धनास आश्रय दिला. महाराष्ट्रात याच कुत्र्यास कारवानी या नावाने ओळखतात. लांब तोंड, खोल छाती, बारीक कंबर व लांब पाय ही त्याची लक्षणे होत. पूर्ण वाढलेल्या नराची उंची साधारणपणे ६८ ते ७२ सेंटिमीटर भरते. भारतीय टपाल खात्याने २००५ साली देशी कुत्र्यांवर जी तिकिटे काढली, त्यांत मुधोळचा समावेश होता. बिदर येथे मुख्यालय असलेल्या कर्नाटक पशुवैद्यकीय, पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे श्वान संशोधन केंद्र मुधोळजवळील तिम्मापूर येथे असून तेथे या जातीच्या जतनाचे कार्य चालते.

येथे एक गोष्ट ध्यानात घेणे अगत्याचे आहे. मुधोळ हा मूळचा शिकारी कुत्रा आहे. दूरवरचे सावज नजरेने हेरून वेगाने त्याचा पाठलाग करणे, यासाठी पिढ्यान्‌पिढ्या त्याची निवड झाली. घरच्या माणसांशी तो एकनिष्ठ असतो. तथापि परक्याने अंगास हात लावलेला त्यास सहसा रुचत नाही. या स्वभावाचे दोन परिणाम संभवतात. एक म्हणजे पळणारी वस्तू दिसताच तिच्यामागे धावण्याची त्याची प्रवृत्ती प्रबळ असते. दुसरा असा की, घरातील मुलाला सवयीने सांभाळून घेणारा कुत्रा, खेळावयास आलेल्या शेजारच्या मुलाशी तसाच वागेल याची खात्री देता येत नाही.

दोष जातीचा की संगोपनाचा ?

कोणती जात घातक, हा वाद जगभर चालू आहे. ब्रिटनने १९९१ च्या कायद्याने काही जातींवर निर्बंध घातले. नेदरलँड्समध्ये १९९३ पासून पिटबुल जातीवर असलेली बंदी, चावण्याचे प्रकार त्यामुळे कमी न झाल्याने २००८ साली उठविण्यात आली. आपल्या देशात केंद्र शासनाने १२ मार्च २०२४ रोजी राज्यांना परिपत्रक पाठवून २३ परदेशी जातींची आयात, पैदास व विक्री थांबविण्यास सांगितले. संबंधितांशी विचारविनिमय न करता हे परिपत्रक काढले गेले, या व अन्य कारणांस्तव कर्नाटक उच्च न्यायालयाने १० एप्रिल २०२४ रोजी ते रद्द ठरविले. मुधोळचे नाव त्या यादीत नव्हते. परंतु यादीत नाव नाही, एवढ्यावरून एखादा कुत्रा मुलांसाठी निर्धोक ठरत नाही.

अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी १८ हजारांहून अधिक कुत्र्यांच्या माहितीचा अभ्यास करून २०२२ साली जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांनुसार कुत्र्याकुत्र्यांच्या वर्तनातील फरकापैकी सुमारे ९ टक्के फरकच जातीमुळे स्पष्ट होतो. याचा अर्थ जातीला महत्त्व नाही असा नव्हे. मोठ्या व चपळ कुत्र्याचा चावा लहान कुत्र्याच्या चाव्यापेक्षा अधिक गंभीर असतो, हे उघड आहे. मात्र तो चावेल किंवा नाही, हे पुष्कळ अंशी त्याच्या संगोपनावर अवलंबून असते.

पिल्लाचे ३ ते १४ आठवडे हे वय या दृष्टीने फार मोलाचे असते. या काळात माणसे, मुले, गुरे व घरातील निरनिराळे आवाज यांचा सौम्यपणे परिचय झाला, तर मोठेपणी कुत्रा भित्रा किंवा चिडखोर होण्याचा संभव कमी असतो. याउलट कुत्रा तिखट व्हावा म्हणून पिल्लाला अंधारात कोंडणे, उपाशी ठेवणे, मारणे किंवा दिवसभर आखूड साखळीने बांधणे, असे प्रकार काही ठिकाणी आढळतात. अशाने राखण सुधारत नाही. भेदरलेला कुत्रा चोर व मूल यांत भेद करीत नाही. प्राण्यास अवाजवी काळ आखूड वा जड साखळीने बांधून ठेवणे, तसेच सतत बांधलेल्या कुत्र्यास फिरविण्याची हयगय करणे, हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० अन्वये गुन्हाही आहे.

धोक्याचे प्रसंग

मुलांना होणारे श्वानदंश बहुधा मोकाट कुत्र्यांचेच असतात, असा समज आहे. परंतु घरच्या किंवा ओळखीच्या कुत्र्याने लहान मुलास चावल्याच्या घटनाही पुष्कळ असतात. मूल कुत्र्याच्या खाण्यात हात घालते, झोपलेल्या कुत्र्याच्या अंगावर पडते, त्याचे कान वा शेपूट ओढते किंवा व्यालेल्या कुत्रीच्या पिलांना उचलते. हे नेहमीचे प्रसंग होत. मुलाची उंची कमी असल्याने चावा चेहरा, डोके वा मान यांवर बसण्याचा धोका मोठ्या माणसापेक्षा अधिक असतो.

चावण्यापूर्वी कुत्रा बहुधा इशारा देतो. अंग ताठ करणे, नजर रोखणे, ओठ मागे घेऊन दात दाखविणे, गुरगुरणे ही त्याची भाषा आहे. गुरगुरल्याबद्दल कुत्र्यास मारू नये. मार खाऊन तो गुरगुरणे सोडतो, पण चावणे सोडतोच असे नाही. मग पुढचा चावा इशाऱ्यावाचून होतो.

पालकांनी घ्यावयाची दक्षता

सहा वर्षांखालील मुलास कोणत्याही कुत्र्याजवळ, मग तो कितीही गरीब असो, एकटे सोडू नये. कुत्र्याच्या खाण्याची व झोपण्याची जागा मुलांच्या वावरापासून वेगळी असावी. मुधोळ कुत्र्यास रोज भरपूर धावण्याचा व्यायाम आवश्यक असतो. ज्यांना तो देणे शक्य नाही, त्यांनी ही जात पाळू नये. पाहुण्यांची मुले येतील तेव्हा कुत्रा वेगळ्या आवारात ठेवावा. वयाच्या तिसऱ्या महिन्यानंतर रेबीज प्रतिबंधक लस टोचावी व पुढे पशुवैद्यकाच्या सल्ल्याने दरवर्षी ती पुन्हा द्यावी. पाळीव प्राण्याच्या बाबतीत निष्काळजीपणा करून माणसाच्या जिवास धोका निर्माण करणाऱ्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ अन्वये सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, याचीही कुत्र्याच्या मालकांनी जाणीव ठेवावी.

शिक्षकांचे साहाय्य

या कामी शिक्षकांचे साहाय्य बहुमोल ठरेल. अनोळखी कुत्रा जवळ आल्यास पळू नये, ओरडू नये, हात अंगाशी धरून झाडासारखे स्थिर उभे राहावे व तो दूर गेल्यावर हळूहळू मागे सरावे, हा धडा मुलांकडून प्रत्यक्ष करवून घ्यावा. दुसऱ्याच्या कुत्र्यास मालकाला विचारल्याशिवाय हात लावू नये, हेही शिकवावे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कुत्रा चावला किंवा त्याने ओरखडले, तर ते घरी व शाळेत तत्काळ सांगितलेच पाहिजे. मार बसेल या भीतीने मुले चावा लपवितात आणि उपचाराची वेळ निघून जाते. म्हणून सांगणाऱ्या मुलास कोणीही रागावू नये.

चावा झाल्यास

रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की रोगी बहुधा वाचत नाही. परंतु वेळीच उपचार घेतल्यास हा रोग टाळता येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते संशयित प्राण्यांच्या दंशास बळी पडणाऱ्यांत सुमारे ४० टक्के मुले १५ वर्षांखालील असतात. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट किंवा तेल लावू नये. मंत्रतंत्रात वेळ दवडू नये. लगेच प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन लस घ्यावी आणि ठरलेल्या तारखांच्या सर्व मात्रा पूर्ण कराव्यात. रक्त आलेल्या जखमेसाठी लसीखेरीज रेबीज प्रतिबंधक सीरमही लागते. पोटात चौदा इंजेक्शने घेण्याची जुनी पद्धत आता राहिलेली नाही. त्या भीतीने कोणी उपचार टाळू नये. चावलेला कुत्रा घरचा व लस टोचलेला असला, तरी डॉक्टरांचा सल्ला घ्यावाच. कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवावे. मात्र तोपर्यंत उपचार थांबवू नयेत.

सारांश, योग्य वयात माणसाळविलेला, पुरेसा व्यायाम मिळणारा व लस टोचलेला मुधोळ कुत्रा मुले असलेल्या घरात राहू शकतो. परंतु मुलाची राखण त्याच्यावर सोपविता येत नाही. आखाड्याची राखण कुत्र्याने करावी. मुलाची राखण मात्र मोठ्या माणसांनीच केली पाहिजे. पिल्लू घेण्यापूर्वी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन सल्ला घेतल्यास पुढील अनेक अनर्थ टळतील.