पट्टीवरचं नाव आणि आतली गोळी

बी.पी.च्या गोळ्यांची पट्टी नीट पाहा. कंपनीने ठेवलेल्या नावाजवळच ‘टेल्मिसार्टन टॅब्लेट्स आयपी’ असं काहीतरी छापलेलं असतं. ते औषधाचं जेनेरिक नाव. ‘आयपी’ म्हणजे इंडियन फार्माकोपिया, ही गुणवत्तेची अधिकृत संहिता. ती नामांकित कंपनीला एक आणि सरकारी योजनेतल्या जनऔषधी केंद्राला दुसरी, अशी नसते.

त्यामुळे ‘जेनेरिक म्हणजे हलका माल’ हा समज मुळातच डळमळीत आहे. आपल्याकडचे बहुतेक ब्रँड हे पेटंट संपलेल्या औषधांचेच असतात, म्हणजे तेही जेनेरिकच, फक्त नाव देऊन विकलेले. जनऔषधीची औषधं डब्ल्यूएचओ-जीएमपी प्रमाणित कारखान्यांतून घेतली जातात आणि प्रत्येक बॅच एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासली जाते. किंमत ठरवताना पहिल्या तीन ब्रँडच्या सरासरी किमतीच्या निम्म्याच्या वर जायचं नाही, असा दंडक आहे. निकृष्ट औषधं बाजारात येतच नाहीत, असं मात्र नाही. केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेच्या दरमहाच्या यादीत ती सापडतात, आणि त्यांत नामवंत ब्रँडही असतात.

‘जेनेरिकमध्ये २० टक्के औषध कमी असतं’ हे तर डॉक्टरांच्या वेटिंग रूममध्येही ऐकू येतं. हा समज ज्यावरून निघतो ती ८० ते १२५ टक्के ही मर्यादा गोळीतल्या औषधाची नाही. मूळ आणि जेनेरिक अशा दोन्ही गोळ्यांतून रक्तात औषध किती पोहोचतं, याच्या संख्याशास्त्रीय तुलनेची आहे. खरी उणीव दुसरीकडे आहे. पाण्यात नीट न विरघळणाऱ्या औषधांसाठी ही तुलनेची चाचणी आपल्याकडे सरसकट सक्तीची झाली ती २०१७ मध्ये. त्याआधीच्या कित्येक गोळ्या, ब्रँडवाल्यासुद्धा, तिच्याशिवायच बाजारात आल्या.

सगळ्यात जास्त फसगत होते ती मेडिकलच्या काउंटरवर. ‘जेनेरिक द्या’ म्हटलं की स्वस्तच मिळेल, असं आपण धरून चालतो. पण कंपन्या थेट दुकानदारांना विकतात त्या जेनेरिक पट्टीवर एमआरपी ब्रँडच्या जवळपास छापलेली असू शकते. दुकानदाराला ती पडते त्याच्या कितीतरी खाली. तो २०-३० टक्के सूट देतो, आपण खूश, आणि मोठा वाटा त्याच्या गल्ल्यात. म्हणून सूट किती हे विचारू नका, एका गोळीला किती पडले ते मोजा.

चिठ्ठीवरचा ब्रँड मेडिकलवाल्याने परस्पर बदलून द्यावा, अशीही अपेक्षा असते. शेड्यूल एचच्या औषधांना कायद्याने ते चालत नाही, घटक तोच असला तरी. तेव्हा जेनेरिक नाव डॉक्टरांकडूनच लिहून घ्यायला हवं. ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने तसं लिहिण्याची सक्ती करणारी नवी नियमावली आणली आणि विरोध होताच त्याच महिन्यात स्थगित केली. जुन्या आचारसंहितेतलं जेनेरिक नाव लिहिण्याचं कलम आहेच, पण ते पाळतं कोण?

थायरॉइड, फिट्स आणि रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉरफेरिनच्या गोळ्यांबाबत मात्र दर महिन्याला कंपनी बदलू नये. इथे मात्रेतला थोडा फरकही जाणवतो. थायरॉइडची गोळी बदललीच, तर सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच तपासून घ्यावं.

राहिला प्रश्न मेडिक्लेमचा, म्हणजे हा खर्च विम्यातून मिळतो का याचा. नेहमीच्या पॉलिसीत औषधांचा खर्च मिळतो तो अ‍ॅडमिट झाल्यावर. शिवाय आरोग्य संजीवनीसारख्या पॉलिसीत भरतीआधीचे ३० आणि घरी सोडल्यानंतरचे ६० दिवस, तेही त्याच आजाराचे. आयुष्मान भारतमध्ये हेच ३ आणि १५ दिवस आहेत. डायबेटिसच्या रोजच्या गोळ्या ओपीडीचं वेगळं कव्हर किंवा ईएसआयसी नसेल तर खिशातूनच. घरी सोडल्यानंतरच्या त्या ६० दिवसांत जनऔषधीतून घेतलेली औषधंही क्लेममध्ये लावता येतात. पक्कं बिल आणि डॉक्टरांची तारखेची चिठ्ठी जोडलेली हवी.