देवळे वाचताना : लेखांक ९
अंबाबाईच्या माथ्यावर

तलविन्यास म्हणजे देवळाचा जमिनीवरचा आराखडा, इथवर गेल्या आठवड्यात आलो होतो. आता मान वर करायची. त्यासाठी कोल्हापूर, अंबाबाईचं म्हणजेच महालक्ष्मीचं देऊळ.

रांगेत दीड तास काढून कासव चौक ओलांडला, पितळी उंबऱ्यापाशी पोचलो आणि लगेच कानावर आलं, "चला, पुढे चला." काठापदराची साडी, हार, दागिने एवढंच डोळ्यांत साठलं. त्याआडची मूर्ती जेमतेम तीन फुटांची, पाषाणाची, चतुर्भुज. उजव्या खालच्या हातात म्हाळुंगाचं फळ, वरच्या हातात गदा. डावीकडे वर ढाल, खाली पानपात्र. मागे सिंह. आणि मस्तकावर नाग, लिंग, योनी. देवीमाहात्म्याला जोडलेल्या 'प्राधानिक रहस्या'त महालक्ष्मीचं वर्णन आहे ते अगदी असंच. 'महालक्ष्मी' म्हटलं की आपण विष्णुपत्नी समजून मोकळे होतो. इथली देवी मात्र मूळ आदिशक्ती, शिवाला माथ्यावर वागवणारी.

आता देऊळ पाहा. गाभाऱ्याच्या बरोबर वर दुसरा मजला आहे आणि तिथे शिवलिंग आहे, समोर नंदीसुद्धा. म्हणजे मूर्ती जे मुकुटात सांगते, तेच इमारत मजला चढवून सांगते. मूर्तीवरचं लिंग अलंकारांत झाकलेलं, इमारतीतलं छताआड. खालून नमस्कार करणाऱ्याला दोन्हींचा पत्ता नसतो. वरच्या लिंगाला 'मातुलिंग' म्हणतात. गंमत अशी, की देवीच्या हातातल्या म्हाळुंगाचं संस्कृत नावही मातुलिंगच!



देवळाचं तोंड पश्चिमेला, हा त्याचा दुसरा विशेष. नोव्हेंबरात ९, १०, ११ आणि पुढे ३१ जानेवारी, १ व २ फेब्रुवारी हे किरणोत्सवाचे परंपरागत दिवस. पहिल्या दिवशी मावळतीचे किरण चरणांवर, दुसऱ्या दिवशी मध्यभागी, तिसऱ्या दिवशी मुखावर. वर्षातून दोनदाच का, याचं उत्तर सोपं आहे. २१ डिसेंबरच्या आसपास सूर्य दक्षिणेचं टोक गाठून परत फिरतो. त्याच्या आधी एकेचाळीस-बेचाळीस दिवस आणि नंतर तेवढेच दिवस तो क्षितिजावर जवळजवळ एकाच जागी मावळतो. ती जागा नेमक्या पश्चिमेच्या बरीच दक्षिणेला. मूर्तीपासून महाद्वारापर्यंतची मोकळी रेघ तिच्यावरच रोखलेली आहे.

रेघ मोकळी राहिली तर! वाटेत उंच बांधकाम आलं, हवेत धूळ किंवा बाष्प असलं, की किरण अडतात.

एका नोव्हेंबरात मी तिथे उभा होतो. गाभाऱ्यातले दिवे मालवलेले. एरवी देवीकडे लागलेल्या माना त्या दिवशी सगळ्या फरशीकडे. उन्हाचा तांबूस पट्टा गरुड मंडपातून आत आला, गणपती चौक, पितळी उंबरा, मग चांदीचा उंबरा. शेजारच्या आजी पुटपुटल्या, "ये बाबा, ये." पट्टा कटांजनाला, म्हणजे मूर्तीपुढच्या कठड्याला टेकला, आणि ढग आला. फरशी पुन्हा काळी. आजींनी हात जोडले तसेच ठेवले, म्हणाल्या, "उद्या येईल की."

पुढच्या आठवड्यात बाहेरच्या भिंतीवरच्या योगिनी.