गणवेशातील नागरिक आणि अभिव्यक्तीची मर्यादा

झाशीहून बबिना छावणीकडे जाणारा लोहमार्ग बिजौलीवरून जातो. या मार्गावरील एखाद्या जवानाने रणगाडे वाहून नेणाऱ्या गाडीचे छायाचित्र समाजमाध्यमावर टाकले, तर दिवस, दिशा आणि संख्या या तिन्ही गोष्टी शत्रूला आयत्या मिळतील. त्याच जवानाने लंगरातील पातळ डाळीचे छायाचित्र टाकले, तर? पहिल्या कृतीने सुरक्षा धोक्यात येते, दुसरीने फार तर व्यवस्थेचा दोष उघड होतो. कायदा मात्र दोन्ही कृती एकाच नियमात बसवतो.

या नियमाचे मूळ राज्यघटनेच्या अनुच्छेद ३३ मध्ये आहे. कर्तव्यपालन आणि शिस्त यांसाठी सशस्त्र दलांतील व्यक्तींचे मूलभूत अधिकार मर्यादित करण्याची मुभा तो संसदेला देतो. अनुच्छेद ३५ मुळे राज्य विधिमंडळांना हा अधिकार नाही. त्यानुसार लष्कर अधिनियम, १९५० चे कलम २१ आणि लष्कर नियम, १९५४ मधील नियम २१ लागू होतात. राजकीय प्रश्न वा सेवाविषयक बाब यांवर पूर्वपरवानगीविना काहीही प्रसिद्ध करता येत नाही. 'सेवाविषयक' या शब्दाची व्याप्ती एवढी मोठी आहे, की रणगाडा आणि डाळ दोन्ही तिच्यात मावतात. कलम २१ ची वैधता सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये आर. विश्वन खटल्यात मान्य केली.

नियम रचला गेला तेव्हा वृत्तपत्र आणि आकाशवाणी एवढीच साधने डोळ्यांसमोर होती. भ्रमणध्वनी न बोलताही माहिती देतो. 'स्ट्राव्हा' या व्यायामविषयक अ‍ॅपच्या नकाशावरून २०१८ मध्ये अनेक देशांचे लष्करी तळ उघडे पडले. भारतीय लष्कराने जुलै २०२० मध्ये फेसबुक, इन्स्टाग्रामसह ८९ अ‍ॅप काढून टाकण्याचा आदेश दिला. एका लेफ्टनंट कर्नलने त्याला आव्हान दिले. दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्टमध्ये याचिका फेटाळली.

गुप्ततेचा हा युक्तिवाद शिध्याच्या तक्रारीला मात्र तितकासा लागू पडत नाही. जानेवारी २०१७ मध्ये सीमा सुरक्षा दलाच्या एका जवानाने निकृष्ट अन्नाची चित्रफीत प्रसारित केली. एप्रिलमध्ये तो बडतर्फ झाला. उलट, उंचावरील भागांतील जवानांच्या शिध्यातील त्रुटी भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या अहवालात नोंदल्या गेल्या आणि तो फेब्रुवारी २०२० मध्ये संसदेत मांडला गेला. म्हणजे विषय गोपनीय नव्हता, सांगणारा कोण एवढाच प्रश्न होता. अर्थशास्त्राच्या भाषेत ही माहितीची विषमता होय: पुरवठ्याचा दर्जा सर्वांत आधी खाणाऱ्याला कळतो, आणि बोलण्याची मुभा त्यालाच सर्वांत कमी.

म्हणूनच अंतर्गत मार्ग किती चालतो, यावर निर्बंधाचे समर्थन अवलंबून राहते. अधिनियमाचे कलम २६ जवानाला वरिष्ठांकडे गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क देते. जानेवारी २०१७ मधील त्या प्रकरणानंतर तत्कालीन लष्करप्रमुख जनरल बिपिन रावत यांनी तक्रारपेट्या ठेवण्याचे निर्देश दिले. समाजमाध्यमांवर गाऱ्हाणी मांडणाऱ्यांवर कारवाई होऊ शकते, असेही बजावले. हे उपाय संपल्यावर २००७ च्या अधिनियमान्वये स्थापन झालेल्या सशस्त्र दल न्यायाधिकरणाकडे सेवाविषयक दाद मागता येते; महाराष्ट्रासाठी त्याचे खंडपीठ मुंबईत आहे. परीक्षार्थींकडून येथे एक चूक हमखास होते. सीमा सुरक्षा दल गृह मंत्रालयाच्या अखत्यारीत येते, त्याचा अधिनियम १९६८ चा आणि स्वतंत्र आहे. त्यामुळे त्या दलाच्या जवानाला या न्यायाधिकरणाकडे जाता येत नाही. त्याला उच्च न्यायालयच गाठावे लागते.