दीपनगरएवढी पॉवर, डझनभर केळ्यांएवढी एनर्जी

एपिसोड ऐकायला वेळ नसेल तर हे वाचा. बोललो तसंच ठेवलंय, अडखळणं तेवढं काढलंय.

सुरुवात धुळ्याच्या मामांपासून. त्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर फॉरवर्ड आला: 'काली' नावाचं यंत्र एका झटक्यात अख्ख्या जिल्ह्याचे मोबाईल जाळतं. मामांनी फोन स्टीलच्या डब्यात ठेवला आणि मामींच्या फोनवरून मला विचारलं, "भाचा, हाई खरं शे का?"

काली खरंच आहे. किलो अँपिअर लिनिअर इंजेक्टर, मुंबईत तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातलं. ते निर्वात नळीत इलेक्ट्रॉनचा जबर झोत सोडतं, आणि त्या झोतातून मायक्रोवेव्ह काढता येतात. पण असा जोरदार रेडिओ पल्स झोताशिवायही बनतो, फेराइटच्या लाइनमधून. मला ही लाइन जास्त आवडते, कारण ती समजते. (बीटेकला ट्रान्समिशन लाइनचा चॅप्टर मी ऑप्शनला टाकला होता, हे कबूल.)

फेराइट तुम्ही पाहिलंय. लॅपटॉपच्या केबलवरची गाठ, किंवा आजोबांच्या ट्रान्झिस्टरमधली काळी कांडी, जिच्यावर आकाशवाणी जळगाव लागायचं. आता टीव्हीच्या केबलसारखी जाड केबल घ्या, आतल्या तारेवर फेराइटच्या कड्या ओवा, बाहेरून कॉइल गुंडाळा आणि एका टोकाला हजारो व्होल्टचा पल्स द्या.

पावसाळ्यात पांझरेच्या कोरड्या पात्रात पहिला लोंढा येतो तेव्हा त्याचं तोंड भिंतीसारखं उभं असतं. मागचं खोल पाणी पुढच्या उथळ पाण्यापेक्षा जोरात धावतं, त्याला गाठतं, आणि उतार संपून भिंत होते. फेराइटमध्ये अगदी हेच. करंट वाढला की फेराइट चुंबकत्वाने भरून जातं, लाइनचा इंडक्टन्स घटतो, म्हणून पल्सचा मोठा भाग लहान भागापेक्षा वेगाने पळतो. काही नॅनोसेकंदांत चढणारी कड नॅनोसेकंदाच्या आत चढायला लागते.

मग खरी गंमत. बाहेरच्या कॉइलने फेराइटमधल्या सूक्ष्म चुंबकांना केबलच्या लांबीच्या दिशेने उभं केलेलं असतं. ही भिंत येऊन आदळते आणि त्यांना आडवं ढकलते. ते सरळ पडत नाहीत. धक्का बसलेल्या भोवऱ्यासारखे डोलतात. सेकंदाला साधारण अब्ज वेळा, म्हणजे एक गिगाहर्ट्झच्या आसपास. हे डोलणंच लाइनच्या दुसऱ्या टोकाला रेडिओ लहर म्हणून बाहेर पडतं. कॉइलचा करंट बदला, फ्रिक्वेन्सी बदलते. रशियात तोम्स्कला आणि अमेरिकेत टेक्सास टेकमध्ये अशा लाइन बनवून तपासल्या आहेत, आणि शेकडो मेगावॅटपर्यंत मजल गेली आहे.

शेकडो मेगावॅट! आपल्या भुसावळजवळच्या दीपनगरचा एक मोठा संच ५०० मेगावॅटचा. फॉरवर्डवाले इथेच थांबतात. पुढचा गुणाकार करू. समजा ३०० मेगावॅट, पण टिकले फक्त ५ नॅनोसेकंद. एनर्जी झाली दीड ज्यूल. जळगावची डझनभर केळी, दीडेक किलो धरा, वीतभरही नाही, दहा सेंटिमीटर उचलायला लागते तेवढी. सेकंदाला असा एक पल्स सोडला तर सरासरी दीड वॅट. झिरोच्या बल्बपेक्षाही कमी.

मग निरुपद्रवी का? नाही. चिपमधले थर इतके पातळ असतात की त्यांना जाळायला ज्यूल लागतच नाही. क्षणभराचं जादा व्होल्टेज पुरतं. जवळून, अँटेनाने नेम धरून मारलं तर ड्रोन भरकटू शकतो, सर्किट अडकू शकतं. म्हणूनच आपली उपकरणं असा मार सोसतील का, हे तपासायलाही असे पल्स वापरतात. पण अंतर दहापट झालं की फील्ड दहावा हिस्सा उरतो. एका लाइनने अख्खा धुळे जिल्हा? जमत नाही.

राहिला डबा. मामांना म्हटलं, झाकण लावा, मी रिंग देतो. डब्यात फोन वाजला. मोबाईलच्या लहरीही याच गिगाहर्ट्झच्या घरातल्या. कॉल ज्या फटीतून आत शिरला, तिथून पल्सही शिरेल. मामींनी लगेच फोन बाहेर काढला, डबा पापडांचा होता.