चांदीचा काळा रंग

डार्करूममध्ये एन्लार्जरचा दिवा काही सेकंद लागतो आणि विझतो. नंतर तो कागद लाल दिव्याखाली कितीही निरखून पाहा, कोराच दिसतो. तरी फोटो त्यावर उमटलेला असतो. कागदावरच्या जिलेटिनमध्ये सिल्व्हर ब्रोमाइड आणि क्लोराइडचे सूक्ष्म स्फटिक असतात. उजेड लागलेल्या स्फटिकात चांदीचे जेमतेम चार-पाच अणू एकत्र येतात. पुढचं सगळं या ठिपक्याच्या जोरावर घडतं.

मग कागद डेव्हलपरच्या द्रावणात बुडवतात. त्यातले मेटॉल आणि हायड्रोक्विनोन इलेक्ट्रॉन देतात. ते ठिपक्यातूनच स्फटिकात शिरतात आणि कोट्यवधी आयनांची धातुरूप चांदी होते. उजेडाने जे केलं त्याच्या कित्येक पटींनी जास्त काम रसायन करतं. मला या विद्येतलं सर्वांत विलक्षण हेच वाटतं. ठिपका नसलेले स्फटिकही अखेर काळे पडतातच, फक्त फार सावकाश. म्हणून वेळ सांभाळायची: २० अंश सेल्सिअसला साधारण दीड-दोन मिनिटं. हायड्रोक्विनोनला काम करायला अल्कली लागते, म्हणून डेव्हलपरमध्ये धुण्याचा सोडा घालतात. आणि म्हणूनच पुढच्या ट्रेमधलं सौम्य अ‍ॅसिटिक आम्ल ती क्रिया क्षणात थांबवतं.

पैंजणात चमकणारी चांदी इथे काळी का? ती बारीक तंतूंच्या गुंत्यासारखी वाढते. उजेड त्यात शिरतो तो बाहेर पडतच नाही.

उरलेले स्फटिक काढायला हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट. ते चांदीचे असे क्षार विरघळवतं हे जॉन हर्शेल यांनी १८१९ मध्येच नोंदवलं होतं, छायाचित्रणाच्या वीस वर्षं आधी.

हायपोत गंधक असतं, आणि गंधकाची गोष्ट इथे दुहेरी आहे. काही जिलेटिनचे कागद-फिल्म जास्त संवेदनशील का, याचा शोध कोडॅकच्या सॅम्युअल शेपर्ड यांनी १९२५ मध्ये लावला: मोहरीत असणारं गंधकयुक्त तेल त्या जिलेटिनमध्ये अत्यल्प प्रमाणात होतं. त्यातून स्फटिकावर सिल्व्हर सल्फाइडचे कण तयार होतात आणि उजेडाचा ठिपका तिथेच जमतो. पण प्रिंट नीट धुतलं नाही, तर कागदात राहिलेला हायपो कालांतराने चांदीवर तेच सल्फाइड चढवतो. कपाटातले जुने फोटो पिवळटतात, विरतात, त्याचं एक मोठं कारण हेच. सेपिया छटेसाठी मात्र हे मुद्दाम करतात. सगळ्या चांदीचं सल्फाइड केलं, की ते प्रिंट साध्या काळ्या-पांढऱ्या प्रिंटपेक्षा जास्त टिकतं.