एकट्याचा कप

हॉटेलात चहा पिणे ही कुणी विचार करावा अशी गोष्ट नाही. आमच्या घरात मात्र ती तशी कधीच नव्हती. वडिलांच्या तरुणपणी, म्हणजे १९७५ च्या सुमारास, गावच्या हॉटेलात महारवाड्याची कपबशी बाहेरच्या कोनाड्यात असे. आपणच ती विसळायची, चहा वरून ओतून घ्यायचा, उभ्याने प्यायचा आणि कपबशी पुन्हा विसळून जागेवर ठेवायची. पैसे मात्र सर्वांइतकेच. संविधान लागू होऊन तेव्हा पंचवीस वर्षे झाली होती.

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. पुढे प्राध्यापक झालो. गेल्या वर्षी परीक्षेच्या कामासाठी एका तालुक्याच्या गावी एकटाच गेलो होतो. पहिल्या दिवशी हॉटेलात चहा काचेच्या ग्लासात आला. पैसे देताना गल्ल्यावरच्या मालकाने आपुलकीने विचारले, ‘सर, गाव कुठलं? आडनाव काय?’ मी सांगितले. दुसऱ्या दिवशी माझ्यापुढे कागदी कप आला. शेजारच्या टेबलांवर काचेचेच ग्लास होते. तिसऱ्या दिवशीही तेच. कुणी हाकलले नाही, कुणी वावगे बोलले नाही.

बरोबर कुणी असते तर मी तिथल्या तिथे विचारले असते. एकटा माणूस आधी स्वतःवरच शंका घेतो. ग्लास संपले असतील, आपणच फार संशयी झालो आहोत, असे त्याला वाटते. साक्षीला कुणी नसते. त्याच्या या गप्प बसण्यावरच नवी अस्पृश्यता जगते. म्हणून नोकरी-शिक्षणासाठी एकट्याने परगावी जाणाऱ्या आपल्या मुलामुलींना कायदा ठाऊक हवा.

संविधानाच्या १५ व्या अनुच्छेदाने सार्वजनिक उपाहारगृहे व हॉटेले यांत जातीवरून मज्जाव करण्यास मनाई केली, १७ व्याने अस्पृश्यता नष्ट केली. १९५५ चा अस्पृश्यता (अपराध) कायदा १९७६ च्या दुरुस्तीने नागरी हक्क संरक्षण अधिनियम झाला. त्याचे ४ थे कलम प्रवेशापाशी थांबत नाही. सर्वांसाठी ठेवलेली भांडी अस्पृश्यतेच्या कारणावरून वापरू न देणे हाही अपराध आहे. शिक्षा एक ते सहा महिने कैद आणि शंभर ते पाचशे रुपये दंड. ‘आत तर घेतले ना?’ हे उत्तर त्यामुळे पुरत नाही.

त्याहून महत्त्वाचे १२ वे कलम. असे कृत्य अनुसूचित जातीच्या व्यक्तीबाबत घडले, तर ते अस्पृश्यतेच्या कारणावरून घडले असे न्यायालय गृहीत धरते. तसे नव्हते हे सिद्ध करणे समोरच्याकडे येते. १९९० पासून बौद्धांचाही अनुसूचित जातींत समावेश आहे. अपराध दखलपात्र आहे. मात्र कृत्य घडले हे आपल्याला दाखवावे लागते, आणि त्यासाठी साक्षीदार लागतात.

चौथ्या दिवशी मी सर्वांना ऐकू जाईल असे म्हणालो, ‘मलाही काचेच्या ग्लासात द्या.’ पोऱ्याने मालकाकडे पाहिले. मालक म्हणाला, ‘सर, कागदी स्वच्छ असतो.’ ‘मग सगळ्यांनाच कागदी द्या.’ आजूबाजूच्या पाच-सहा जणांनी माना वर केल्या. आता मी एकटा नव्हतो. त्यांनी ऐकले होते. ग्लास आला.

रात्री वडिलांना फोनवर हे सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग त्यांनी एकच विचारले, ‘नंतर ग्लास विसळला कुणी?’