परक्यांच्या राष्ट्रदिनी आपण कुठे उभं राहायचं?

आज जरा घरचा विषय काढतो आहे.

माझ्या वयाच्या फौजी मित्रांपैकी निम्म्यांची तरी मुलं परदेशात आहेत. वर्षातले दोन-तीन महिने आम्ही नातवंडं सांभाळायला तिकडे जातो आणि कधी ना कधी त्या देशाचा राष्ट्रदिन आमच्या मुक्कामात येतोच. अमेरिकेत ४ जुलै, फ्रान्समध्ये १४ जुलै, अमिरातीत २ डिसेंबर. त्या दिवशी आपण काय करायचं? घरात बसायचं? टाळ्या वाजवायच्या? नातीने तिथला झेंडा हातात दिला तर घ्यायचा की नाही? हसू नका. बत्तीस वर्षं एकाच झेंड्याला सलाम केलेल्या माणसाला हा प्रश्न खरोखर पडतो. मला तो ऑस्लोमध्ये पडला, १७ मेच्या सकाळी.

माझा मुलगा नॉर्वेत नोकरीला आहे. आदल्या रात्री मी ब्लेझर बाहेर काढून ठेवला आणि त्याला विचारलं, "पदकं लावू का रे?" तो काही बोलला नाही. सौ. म्हणाल्या, "तुमची परेड नाहीये ती." विषय संपला. पदकं महूच्या कपाटातच होती हे माझ्या नंतर लक्षात आलं, पण मुद्दा त्यांचाच बरोबर होता. दुसऱ्याच्या लग्नात आपण नवरदेवासारखा फेटा बांधून जात नाही.

आता हा १७ मे म्हणजे काय ते आधी समजून घेऊ, कारण आपल्याकडे पुष्कळ जण त्याला नॉर्वेचा स्वातंत्र्यदिन समजतात. तसं नाही. आपल्या हिशेबाने तो १५ ऑगस्ट नव्हे, २६ जानेवारी आहे. नॉर्वे चारशे वर्षांहून जास्त काळ डेन्मार्कच्या राजाखाली होता. नेपोलियनच्या युद्धात डेन्मार्क हरणाऱ्या बाजूला गेला आणि जानेवारी १८१४ मध्ये कीलच्या तहाने नॉर्वे स्वीडनला देऊन टाकण्यात आला. नॉर्वेच्या लोकांना कोणी विचारलंही नाही. तेव्हा ११२ प्रतिनिधी आइड्सव्होल या गावी जमले आणि काही आठवड्यांत त्यांनी स्वतःची राज्यघटना लिहून काढली. त्यात सैन्याच्या तुकड्यांनी निवडून पाठवलेले लोकही होते, हे मला फौजी म्हणून विशेष वाटतं. घटनेवर १७ मे १८१४ ही तारीख आहे. आज जगात चालू असलेल्या सर्वांत जुन्या लिखित राज्यघटनांपैकी ती एक.

पण त्याच उन्हाळ्यात स्वीडनचं सैन्य आत आलं, छोटंसं युद्ध झालं आणि नॉर्वेला स्वीडनशी संयुक्त राज्य मान्य करावं लागलं. घटना मात्र थोड्या बदलांनी टिकली. संपूर्ण वेगळं राष्ट्र व्हायला १९०५ उजाडलं. म्हणजे ९१ वर्षं या लोकांकडे स्वतःची घटना होती, पण राजा शेजारचा. ही घटनाच त्यांची मुख्य मिळकत, म्हणून दिवस तिचा.

या शेजारच्या राजाची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. कार्ल योहान मूळचा फ्रेंच, नाव बर्नाडोट. साधा शिपाई म्हणून भरती झाला आणि नेपोलियनचा मार्शल झाला. पुढे स्वीडनला वारस हवा होता, तेव्हा त्यांनी याला निवडून नेलं. फौजेत अशी बढती मी तरी दुसरी ऐकलेली नाही. त्याला १७ मे खटकायचा. आपल्या राज्यात लोकांनी आपल्याआधीच्या घटनेचा उत्सव करावा, हे त्याला बंडासारखं वाटे. तेव्हा ऑस्लोचं नाव क्रिस्तियानिया होतं. १७ मे १८२९ रोजी तिथल्या बाजारचौकात लोक जमले, तर त्यांना पांगवायला घोडदळ आणि पायदळ पाठवलं गेलं. हेनरिक व्हेरगेलान नावाचा वीस वर्षांचा विद्यार्थी त्या गर्दीत होता, पुढे मोठा कवी झाला. त्याला तलवारीच्या सपाट बाजूचा फटका बसला. त्याने म्हणे तो खराब झालेला कोट किल्ल्याच्या सेनाधिकाऱ्याला टपालाने पाठवून दिला.

मी ही गोष्ट आधी वाचून गेलो होतो. त्यामुळे त्या सकाळी रस्त्याच्या कडेला उभा राहिल्यावर पहिली गंमत वाटली ती पाटीची. राजवाड्याकडे जाणाऱ्या ज्या मुख्य रस्त्यावरून मिरवणूक निघते, त्या रस्त्याचं नाव कार्ल योहान. राजवाड्यापुढे घोड्यावर बसलेला पुतळाही त्याचाच. ज्याला हा दिवस नको होता, त्याच्या समोरून दरवर्षी हजारो पोरं झेंडे नाचवत जातात. पुतळा कोणी हलवलेला नाही.

आणि मिरवणूक पोरांचीच आहे. मी कर्तव्यपथावर संचलन केलेला माणूस. राष्ट्रदिन म्हटला की मला रणगाडे, तुकड्या आणि आकाशातली विमानं दिसतात. इथे एकही रणगाडा नाही. १८७० पासून शाळकरी मुलांची मिरवणूक सुरू झाली, ती ब्यर्नसन या लेखकाच्या पुढाकाराने. नॉर्वेचं राष्ट्रगीतही त्याचंच. आधी फक्त मुलगे चालायचे, मुली १८८९ पासून आल्या. आता शहरातल्या शंभराहून अधिक शाळा आपापलं निशाण आणि बँड घेऊन निघतात आणि राजघराणं बाल्कनीत उभं राहून तासन् तास हात हलवतं. राजाच्या गार्ड पथकाचा बँडही असतो, काळा तुरा असलेल्या टोप्या घातलेला. सगळं सैन्य एवढंच. १८२९ मध्ये शिपाई ज्यांना हाकलायला आले होते, त्यांच्याच पोरांसाठी आता शिपाई वाजवतात.

पोरांची पावलं एकसारखी पडत नव्हती हो. माझी नात दुसरीतली. एका हातात झेंडा, दुसऱ्या हाताने घसरलेला मोजा वर ओढत चालली होती. माझ्या तोंडात "बाएँ, दाहिने" आलंच होतं. सौ.नी कोपर मारलं.

कपड्यांचंही सांगतो. तिथे त्या दिवशी जीन्सवर कोणी दिसत नाही. बायका आणि बरेच पुरुष 'बुनाद' घालतात, म्हणजे आपापल्या भागाचा पारंपरिक पोशाख, जाड लोकरीचा, भरतकाम केलेला, वर चांदीचे दागिने. भरतकामावरून माणूस कुठल्या खोऱ्यातला ते ओळखता येतं. आमच्या सौ. पैठणी नेसल्या होत्या आणि शेजारच्या आजीबाई पाच मिनिटं पदर हातात घेऊन बघत होत्या. तेव्हा तुमच्यापैकी कोणी जाणार असाल तर स्वेटरखाली लपवू नका, चांगलं नेसा. सगळे एकमेकांना "ग्रातुलेरेर मेद दागेन" म्हणतात, दिवसाच्या शुभेच्छा. एवढं पाठ करून जा. आपण म्हटलं तर त्यांना आवडतं.

मग राष्ट्रगीत सुरू झालं. प्रश्न इथेच होता. खरं तर उत्तर नियमात आहे. आपल्या ध्वजसंहितेप्रमाणे झेंडा फडकवताना गणवेशातला माणूस सलाम करतो, बाकीचे झेंड्याकडे तोंड करून सावधान उभे राहतात. दुसऱ्या देशाच्या राष्ट्रगीतालाही सैनिक सावधानच उभा राहतो, तो शिष्टाचार जगभर आहे. २००६ साली मी संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत कांगोमध्ये गोमा इथे होतो. ज्वालामुखीच्या पायथ्याशी आमचा तळ. १५ ऑगस्टला तिरंगा चढला तेव्हा कांगोचे दोन अधिकारी पाहुणे म्हणून आले होते आणि 'जन गण मन' संपेपर्यंत खिळ्यासारखे उभे होते. त्यांच्या स्वतःच्या देशात तेव्हा धड शांतता नव्हती. ते दोघे मला ऑस्लोत आठवले. मी सावधान उभा राहिलो. नंतर नातीने झेंडा हातात दिला, तोही घेतला. काही कोसळलं नाही.

पण एक कबूल करतो. बाकीचे सगळे गात होते आणि मला शब्द येत नव्हते, तेव्हा पोटात काहीतरी हललं. नात पहिल्या ओळीपासून गात होती. 'जन गण मन' तिला अर्धंच येतं.

व्हेरगेलानकडे परत येतो, कारण परक्यांच्या बाबतीत खरा धडा त्याच्याकडे आहे. ज्या घटनेचा एवढा उत्सव, तिच्या दुसऱ्याच कलमात १८१४ साली लिहिलं होतं की ज्यू लोकांना या राज्यात प्रवेश नाही. स्वतःला उदारमतवादी म्हणवणाऱ्यांनीच ते लिहिलं. व्हेरगेलान ते कलम काढण्यासाठी शेवटपर्यंत झगडला. १८४५ मध्ये तो गेला, बंदी उठली १८५१ मध्ये. आजही दर १७ मेला तिथला ज्यू समाज त्याच्या कबरीवर पुष्पचक्र वाहतो. मला वाटतं, एखाद्या देशात परक्याला खरी जागा मिळते ती मिरवणुकीत नव्हे, कायद्यात. कोणीतरी आतल्या माणसाने बाहेरच्यासाठी भांडून ती मिळवून दिलेली असते.

आणि कायद्याचीच गोष्ट त्या दुपारी आमच्या घरात निघाली. नातीच्या शाळेच्या मैदानावर मुलाची सॉसेज विकायची पाळी होती. तिथे सगळी कामं पालक वाटून घेतात, अगदी आपल्या गणेशोत्सव मंडळासारखी. तो घरी आला, हात धुतले आणि म्हणाला, "बाबा, नागरिकत्वाचा अर्ज भरायचा विचार आहे. वर्षभर सांगायचं टाळतोय."

पठाणकोटच्या लष्करी इस्पितळात जन्मलेला हा मुलगा. मी लगेच काही बोललो नाही. नॉर्वेने १ जानेवारी २०२० पासून दुहेरी नागरिकत्व मान्य केलं आहे, पण त्याचा आपल्याला उपयोग नाही. आपल्या राज्यघटनेला आणि १९५५ च्या नागरिकत्व कायद्याला ते मान्य नाही. भारतीयाने स्वेच्छेने दुसरं नागरिकत्व घेतलं की आपलं आपोआप संपतं. पासपोर्ट वकिलातीत जमा करावा लागतो. त्यानंतर ओसीआय कार्ड मिळतं. नावात नागरिक असा शब्द असला तरी ते नागरिकत्व नाही. आयुष्यभर येता-जाता येतं, पण मतदान नाही, घटनात्मक पद नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाने आलेली ठेवता येते. हे नीट लक्षात ठेवा, यात घरोघरी गैरसमज आहेत.

मी त्याला विचारलं ते एवढंच : "गावच्या जमिनीचं वाचलंस का?" तो म्हणाला, "वाचलंय." मग म्हणाला, "तुम्ही रागावला असाल." रागावलो नव्हतो. ज्या गावात मूल वाढतंय, तिथल्या नगरपालिकेला, शाळेला, कायद्याला मत देण्याचा हक्क बापाला हवा, हे मला पटतं. वाईट वाटलं का? वाटलं. दोन्ही एकाच वेळी होतं. ते लपवून तुमच्यासमोर बसण्यात अर्थ नाही. तो अर्ज भरेल की नाही, ते त्याच्यावर सोडून मी महूला परत आलो.

त्यांच्या सोसायटीत मधोमध एक झेंड्याचा खांब आहे आणि त्या वर्षी झेंड्याची पाळी मुलाकडे होती. तिथला नियम असा की झेंडा सकाळी ८ ला चढवायचा आणि सूर्यास्ताला उतरवायचा, पण रात्री ९ च्या पुढे ठेवायचा नाही. मे महिन्यात ऑस्लोला ९ वाजता लख्ख ऊन असतं. मुलगा भांडी घासत होता, म्हणून नात आणि मी खाली गेलो. दोरी मी सोडली. नात म्हणाली, "आजोबा, खाली टेकू द्यायचा नाही हं." मी माझं टोक वर उचललं. घडी घालताना तिने विचारलं, "आपल्या झेंड्याची घडी कशी घालतात?" मी सांगितलं, केशरी आणि हिरवा पट्टा पांढऱ्याच्या खाली दुमडायचा, मग दोन्ही बाजूंनी घडी अशी की अशोकचक्र वर राहील. घरी गेल्यावर तिने ते टेबलावरच्या नॅपकिनवर तीन वेळा करून पाहिलं.